मूठ बदलण्याआधी खिडकी बघा

खिडकीची मूठ स्वतःच्या दोषाने क्वचितच तुटते. झडप खाली बसते, दांडी आणि तिचं भोक एका रेषेत राहत नाही, मग आपण जोर लावतो आणि तो जोर शेवटी मुठीच्या मानेवर येतो. नवी मूठ लावली तरी सहा महिन्यांत तीही हलायला लागते, आणि शिव्या मात्र दुकानदाराला.

म्हणून बाजारात जाण्याआधी दोन मिनिटांचं एक काम करा. खिडकी पूर्ण उघडी ठेवा आणि मूठ, कडी, स्टॉपर, जे असेल ते हवेतच फिरवून, सरकवून बघा. उघड्या खिडकीत ते सहज चालतं आणि बंद केल्यावर अडतं, तर दोष जुळणीत आहे. नवीन सामान आणून काही होणार नाही. उघड्यातही अडत असेल किंवा नुसतंच गरगर फिरत असेल, तर सामान गेलं. या दोन्हींत गल्लत झाली की पैसे वाया जातात.

बडोद्यात एकाच कुटुंबाच्या घरांत तीन जातीच्या खिडक्या सापडतात. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरात पुढच्या खोलीला सागवानी झडपा, मागे नंतर वाढवलेल्या खोलीला ॲल्युमिनियमचं स्लायडिंग, आणि मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची. तिन्हींचं वैद्यक वेगळं. त्यातलं सागवानी खिडकीचं सगळ्यात जास्त समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथे काहीही कायमचं बिघडत नाही.

लाकडी झडपेवरची मूठ ढिली झाली की बहुतेक जण स्क्रू आवळतात. स्क्रू गोल गोल फिरतो आणि घट्ट काही होत नाही, कारण भोकातले आटे गेलेले असतात. मग कोणी जाडा स्क्रू ठोकतं. एकदा चालतं, पण दुसऱ्यांदा लाकूड चिरतं, कारण झडपेची उभी पट्टी जेमतेम तीन-साडेतीन इंच रुंद असते आणि मुठीची भोकं तिच्या रेषांच्या दिशेने एकाखाली एक येतात.

बरोबर उपाय भोक भरण्याचा. उदबत्तीची मागची उघडी काडी घ्या. ती बांबूची असते आणि आगकाडीपेक्षा कितीतरी टणक. भोकातला भुसा, गंज, रंगाचे पापुद्रे टोच्याने कोरून काढा. फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या तीन-चार काड्या एकमेकींना दाबत भोकात बसवा, हलक्या हाताने ठोका, वर आलेला भाग धारदार पात्याने सपाट कापा. आणि मग हात लावू नका. गोंद वरून अर्ध्या तासात वाळलेला दिसतो, आतून वाळलेला नसतो. दुसऱ्या दिवशी याच वेळेला पुढचं काम. त्याच संध्याकाळी स्क्रू लावला तर काड्या त्याच्याबरोबर फिरतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी आधी ड्रिलने बारीक भोक पाडा. ६ नंबरच्या स्क्रूचा दांडा साधारण ३.५ मिमी, त्याला सागवानात २.५ मिमीचं बिट. ८ नंबरचा ४.२ मिमी, त्याला ३ मिमीचं. बिटाला स्क्रूच्या लांबीइतक्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की पट्टी लाकडाला टेकताच थांबायचं कळतं. स्क्रूची लांबी जुन्यापेक्षा पाव इंच जास्त चालते, पण झडपेची जाडी मोजून. ३० मिमीच्या झडपेत सव्वा इंची स्क्रू पलीकडे टोक काढू शकतो, आणि ते टोक पडदा फाडतं किंवा हात.

पितळी मुठीला पितळी स्क्रूच शोभतात, पण पितळ मऊ असतं. सुक्या सागवानात सरळ पिळला तर अर्ध्यातच त्याचं डोकं तुटून हातात येतं आणि धड आत राहतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पूर्ण आत घालून बाहेर काढायचा. त्याने आटे पाडले की पितळी स्क्रू मेणबत्तीवर घासून हाताने लावायचा, यंत्राने नाही. साबण लावायची जुनी सवय आहे, पण साबण ओल धरतो. मेणच बरं.

जुनी मूठ काढताना खरा त्रास रंगाचा. दर तीन-चार वर्षांनी दिवाळीच्या आधी रंगारी येतो आणि मुठीसकट सगळं रंगवून जातो. स्क्रूची खाच रंगाने भरलेली असते, त्यात पेचकस टेकत नाही, घसरतो, खाचेच्या कडा खातो. हॅकसॉच्या तुटक्या पात्याचं टोक खाचेत ओढून रंग पूर्ण काढा, अगदी तळाचं धातू चमकेपर्यंत. मुठीच्या पट्टीभोवती ब्लेडने रंगावर एक रेघ मारा, नाहीतर मूठ निघताना झडपेवरच्या रंगाचा पोपडा घेऊन येईल. मग खाचेच्या पूर्ण रुंदीचा पेचकस लावून पेचकसाच्याच मुठीवर हातोडीचे दोन ठोके द्या आणि स्क्रू आधी जरासा आवळा, मग सोडा. आवळताना गंजाची पकड सुटते. सरळ उलटं फिरवलं तर डोकं तुटतं. तरी हलत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्याला मिनिट-दीड मिनिट टेकवा आणि गार झाल्यावर पुन्हा प्रयत्न करा.

आता खरेदी. जुनी मूठ खिशात घालून न्या. फोटोवरून माप कळत नाही. जुन्या मुठी इंचांत होत्या, नव्या मिलिमीटरमध्ये आहेत, आणि घोळ तिथेच होतो. जुन्या डी-मुठीच्या दोन भोकांत केंद्रापासून केंद्रापर्यंत ४ इंच असतील तर ते १०१.६ मिमी झाले. आज दुकानात कपाटाच्या मुठी ९६, १२८, १६० अशा ३२च्या पटीत मिळतात. ९६ची मूठ डोळ्याला तंतोतंत दिसते, पण लावायला गेलं की साडेपाच मिमीने हुकते. हा फरक मोठा वाईट: भोक जुळत नाही आणि शेजारी नवं पाडावं इतकी जागाही नाही, बिट घसरून जुन्याच भोकात जातं. अशा वेळी जुनं भोक आधी वर सांगितल्यासारखं भरून टणक करा, मग नवं पाडा. शिवाय कपाटाच्या मुठी मागून लागतात, त्यांच्याबरोबर येणारे ४ मिमीचे स्क्रू १८-१९ मिमी प्लायच्या हिशेबाचे, म्हणजे इंचभर लांबीचे असतात. खिडकीच्या झडपेला ते पुरत नाहीत. खिडकीला पुढून स्क्रू लागणारी, पायाला पट्टी असलेली मूठच घ्यावी.

दुकानात काउंटरवर बोली गुजराती. बिजागरी मागायची तर मिजागरा, कोयंडा म्हणजे नकूचो, पेचकस म्हणजे डिसमिस. आपल्याकडेही आता चिटकणी कोण म्हणतं, सगळे स्टॉपरच म्हणतात.

पितळ म्हणून पितळच मिळतंय ना, हे बघायला लोहचुंबक न्या. चिकटला तर आत लोखंड. नाही चिकटला म्हणजे पितळ ठरलं असं नाही, कारण व्हाइट मेटललाही चुंबक लागत नाही. स्क्रूच्या भोकाच्या आतल्या कडेला किल्लीने ओरखडा काढा: पिवळा दिसला तर पितळ, पांढरा राखाडी दिसला तर जस्ताचं ओतीव काम. ओतीव मूठ वाईटच असते असं नाही, पण ती वाकत नाही, मानेतून कडकन तुटते आणि तुटलेली जोडता येत नाही. जामनगर पितळी सामानासाठी प्रसिद्ध आहे आणि ते गुजरातेतच आहे, तेव्हा इथे खरं पितळ मागायला लाजू नये. जुन्या घरातली पितळी मूठ नुसती काळी पडली असेल तर बदलूच नका. काढून चिंच-मिठाने घासा, पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा आणि परत लावा.

पावसाळ्यात झडप फुगते आणि स्टॉपर भोकात जात नाही. तेव्हा सुतार बोलावून रंधा मारून घेण्याची घाई करू नका. ऑगस्टमध्ये तासलेली झडप दिवाळीनंतर आक्रसते आणि कडेने बोट जाईल अशी फट राहते. खडू घ्या, स्टॉपरच्या दांडीच्या टोकाला फासा, खिडकी लावून दांडी सरकवा. चौकटीवर जिथे पांढरा ठिपका उमटेल तिथे दांडी आदळते आहे. ठिपका भोकाच्या खाली असेल तर आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा, ते ढिले झाल्यामुळे झडप लोंबते. ठिपका बाजूला एक-दोन मिमीच असेल तर गोल कानशीने भोक तेवढं वाढवा. त्याहून जास्त असेल तर वाट पाहा, कोरड्या हवेत पुन्हा बघा.

ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगला मूठ अशी नसतेच, पल्ल्याच्या उभ्या पट्टीत बसवलेलं लॉक असतं. बोटाने दाबलं की आतला आकडा पुढे येतो आणि समोरच्या पट्टीतल्या खाचेत अडकतो. लॉक लागत नाही म्हणून नवीन आणणाऱ्यांनी आधी पल्ला उचलून बघावा. खालची चाकं, म्हणजे फॅब्रिकेटर ज्याला बेअरिंग म्हणतो ती, झिजली की पल्ला दोन-तीन मिमी खाली बसतो आणि आकडा खाचेच्या खालच्या कडेवर आदळतो. पल्ला हाताने जरा उचलून लॉक लागलं तर लॉक निर्दोष आहे. ट्रॅक ब्रशने साफ करा. बडोद्यात उत्तरायणानंतर मांजाचा दोरा चाकाच्या आसाला गुंडाळलेला निघाला तर नवल नको. काही पल्ल्यांत खालच्या कोपऱ्याजवळच्या भोकातून स्क्रू फिरवून चाक वर-खाली करता येतं, तो अर्धा-अर्धा वळसा फिरवत बघा. पल्ला काढायचाच असेल तर दोघांनी मिळून वर उचलून खालची कड आत घ्यायची. वरच्या मजल्यावर हे काम एकट्याने करू नये.

लॉकच गेलं असेल तर दोन स्क्रू सोडून ते पुढे ओढलं की येतं. खाचेची लांबी-रुंदी, स्क्रूच्या भोकांतलं अंतर आणि आकड्याची दिशा तिन्ही जुळायला हवीत. दिशा उलटी आली तर दुकानातून परत यावं लागतं. इथे पातळ पत्र्यात आटे लवकर जातात. ६ नंबरचा स्क्रू फिरत राहिला तर ८ नंबरचा लावा, तोही गेला तर त्याहून जाडा पॉप रिव्हेट. स्क्रू स्टेनलेसचेच. साधा झिंक चढवलेला लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये ओलीने गंजतो, भोवती पांढरी पूड धरतो आणि पुढच्या वेळी निघत नाही.

यूपीव्हीसीच्या बाहेर उघडणाऱ्या खिडकीला काम सगळ्यात सोपं आणि माप सगळ्यात नेमकं. मूठ आडवी करा, तिच्या बुडाचं झाकण किंचित उचलून फिरवा, खाली दोन स्क्रू दिसतील. ते काढले की मूठ चौकोनी सळईसकट बाहेर येते. युरोपीय पद्धतीच्या मुठीत ही सळई ७ मिमी चौकोनी आणि दोन स्क्रूंच्या केंद्रांत ४३ मिमी. ही दोन मापं जुळली तरी तिसरं राहतं, सळईची लांबी. मुठीच्या बुडापासून टोकापर्यंत मोजा. लांब मिळाली तर हॅकसॉने कापता येते. आखूड मिळाली तर ती आतल्या गिअरमध्ये, म्हणजे कुलपाच्या दांड्या हलवणाऱ्या यंत्रात, टोकालाच टेकते आणि थोड्याच दिवसांत कडा खाऊन गरगर फिरते. नवी मूठ जुनीच्या त्याच कोनात ठेवून बसवा, मध्ये गिअर फिरवू नका. स्क्रू हाताने, बेताचे. जास्त आवळले की मूठ जड होते आणि लोक तिला नवीनच खराब निघाली म्हणतात.

मूठ फिरते पण दांड्या हलत नाहीत, तर सुटी सळई गिअरच्या भोकात घालून पक्कडीने फिरवा. तरी काही हलत नसेल तर गिअर गेलाय, मुठीने भागणार नाही. किल्लीची मूठ असेल तर आधी कुलूप उघडं आहे का ते बघायला विसरू नका, कुलूप लागलेल्या मुठीवर जोर काढूनच पुष्कळ मुठी मरतात.

लोखंडी झेड सेक्शनच्या, म्हणजे झेड आकाराच्या पट्ट्यांच्या खिडक्यांबद्दल थोडंच: तिथे मूठ रिव्हेटवर फिरते. रिव्हेट ढिला झाला तर मागे ऐरण टेकवून ठोकून घट्ट होतो. खिडकी लागत नाही त्याचं कारण बहुधा चौकटीवर साचलेले रंगाचे सात-आठ थर. ते खरवडले की तीच जुनी मूठ परत बसते.

तेल कुठलं घालायचं, तर शिवणयंत्राचं, एक थेंब, फिरत्या सांध्यात. खोबरेल घालू नका. थंडीत ते गोठतं आणि एरवी धूळ धरून चिकट होतं. घातलंच असेल तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसून काढा, सुकू द्या, मग यंत्राचं तेल.