बोरमाळेचे उरलेले मणी

गुरुवार, रात्री दहा

आजीच्या तुटलेल्या बोरमाळेतील अकरा मणी आज अखेर माळेत ओवले गेले. तीन आठवडे ते जुन्या करंड्यात पडून होते, कारण त्यांना हात लावण्याचेच मला भय वाटत होते. हा मणी वरून सोन्याच्या पातळ पत्र्याचा आणि आतून लाखेचा असतो. जरा आच लागली की लाख पाझरते, आणि पकडीचा दाब अधिक झाला की पत्र्याला पोचा पडतो. डाग देऊन सांधणे त्यामुळे शक्यच नव्हते. नुसते वळवून आणि वेढे देऊन धरणारे तारकाम एवढाच मार्ग राहिला.

मोटारीच्या रिवाइंडिंगची तार सहज मिळते, परंतु तिच्यावर वार्निशचा थर असतो आणि पकडीने तो जागोजागी खरवडला जाऊन तार डागाळलेली दिसते. म्हणून भुलेश्वरहून कोरी तांब्याची तार आणली, मण्यांसाठी २४ गेजची, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची. तांबे जितके वळवावे तितके कडक होत जाते, हे मला ठाऊक होते. तरीही पहिली कडी मनासारखी गोल येईना म्हणून तीच तार दोनदा सरळ केली आणि तिसऱ्या वेळी ती मण्याच्या तोंडाशीच तुटली. तार तापवून पुन्हा मऊ करता येते, पण ते मणी ओवण्यापूर्वी. त्यानंतर चुकलेला तुकडा मी सरळ बाजूला ठेवत गेले. प्रत्येक मण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कडी आणि तिच्या मानेशी तीन वेढे, असे बावीस वेळा करताना बोटे दुखून आली. पण शेवटच्या चार मण्यांचे वेढे खरोखर एकसारखे बसले आहेत.

मधोमध कवडी आहे. तिच्या पाठीला भोक पाडण्याची पद्धत आहे, परंतु मला ती अखंड हवी होती. दोन्ही टोकांच्या खाचांत तार बसवून, तीच पाठीवरून फिरवून बांधली. दोन्ही बाजूंना खंबायतच्या अकीक दगडाचा एकेक लाल मणी घातला. सोन्याशेजारी तो रंग किती शोभतो!

घामाने तांबे हिरवट होते आणि मानेवर डाग उमटतो, म्हणून मागचा भाग रेशमात दागिने ओवणारे पटवेकरी गाठवतात तसा रेशमी दोऱ्याचा ठेवला आणि सरकगाठ दिली. ती गाठ ओढताना नेवाशाची आठवण झाली. तेथे १९५४ ते १९५६ या काळात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले, आणि ताम्रपाषाण काळातील एका बालकाच्या गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांतील दोऱ्याचे अवशेषही मिळाले. जो हिरवा क्षार मी मानेपासून दूर ठेवू पाहते, त्याच्या सान्निध्यातच एरवी कुजून जाणारा दोरा टिकून राहतो. त्या लहान गळ्यासाठी कोणीतरी एकेक मणी ओवला असेल, हा विचार मनातून जात नाही.

जेवणानंतर आईने माळ घालून पाहिली. बराच वेळ तिने मण्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “अगं, हा चेपलेला मणी आहे ना, तो आईच्या माळेत अगदी मध्ये असायचा.” मी तो कडेला टाकला होता. उद्या सकाळच्या उजेडात दोन कड्या उघडून त्याला कवडीजवळ आणायचे आहे, आणि पदराला अडकणारे एक तारेचे टोकही आत दाबून घ्यायचे आहे.