लाइपझिगमधलं मेंडेल्सोनचं घर

जर्मनीतल्या लाइपझिगला लोक जातात ते जुना संगीतकार बाख याच्यासाठी, मीही त्याच्याचसाठी गेले होते, पण मनात घर करून राहिला तो दुसरा संगीतकार, फेलिक्स मेंडेल्सोन. त्याआधी लग्नात वाजतो तो वेडिंग मार्च याचा, एवढंच माहीत होतं.

स्टेशनवरून चालत ऑगुस्टुसप्लाट्झला आलं की आजचं गेवांडहाउस, म्हणजे इथल्या ऑर्केस्ट्राचं सभागृह, दिसतं, आणि तिथून जवळच गोल्डश्मिटश्ट्रासवर 12 नंबरचं घर. 1845 पासून तो बायकोमुलांसोबत इथे भाड्याने राहायचा आणि 4 नोव्हेंबर 1847 ला इथेच गेला, वय फक्त 38. आता तिथे म्युझियम आहे. खाली एका खोलीत हातात बॅटन, म्हणजे ऑर्केस्ट्राला इशारे द्यायची छोटी काठी, देतात, समोर स्पीकरचे उभे खांब, आपण हात हलवू तशी लय जलद किंवा संथ होते. हात जरा ढिला पडला की सगळा ऑर्केस्ट्रा रेंगाळतो, हे ऐकून खरंच अंगावर काटा आला. 1835 मध्ये तो गेवांडहाउसला आला तोवर तिथे सिंफनी, म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्राची मोठी रचना, वाजायची ती पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या इशाऱ्यावर, हा स्वतः बॅटन घेऊन समोर उभा राहिला, नीट तालमी घेतल्या, वादकांचे पगार वाढवून घेतले.

वरच्या मजल्यावर त्याने रंगवलेली वॉटरकलर चित्रं आहेत, आणि तिथून माझा पाय निघेना. 1847 च्या मे महिन्यात त्याची बहीण फॅनी, स्वतः मोठी संगीतकार, अचानक गेली. लहानपणापासून दोघं एकत्र शिकलेली, तिला दाखवल्याशिवाय हा काही पुढे पाठवायचा नाही. त्या उन्हाळ्यात तो स्वित्झर्लंडला गेला, तिथे चित्रं काढली आणि एफ मायनर या स्वरातलं क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, लिहिलं. चित्रातली घरं, डोंगर अगदी बारकाईने काढलेत, सगळं शांत शांत, आणि तेच क्वार्टेट ऐका, पहिल्या सुरापासून नुसती तडफड. एकाच माणसाचे एकाच उन्हाळ्यातले हात हे!

दुपारी थोमासकिर्शे या चर्चला गेले. बाखची सेंट मॅथ्यू पॅशन ही येशूच्या अखेरच्या दिवसांवरची मोठी गायनरचना लोक विसरूनच गेले होते, ते मेंडेल्सोनने 1829 मध्ये बर्लिनला परत उभं केलं, तेव्हा हा 20 वर्षांचा! चर्चजवळच्या बागेत बाखचं जुनं दगडी स्मारक आहे, त्यासाठी याने स्वतः ऑर्गन वाजवून पैसे जमवले आणि 1843 मध्ये ते उभं राहिलं, तेव्हा बाखचा म्हातारा नातूही हजर होता. म्हणजे स्वतःच्या नावाआधी दुसऱ्याचं नाव दगडात कोरून घेणारा माणूस, आणि त्याचाच पुतळा नाझींनी 1936 च्या नोव्हेंबरमध्ये रातोरात उखडला, का तर जन्म ज्यू घरातला. महापौर गोर्डेलर तेव्हा गावात नव्हते, परत आल्यावर त्यांनी पुतळा जागेवर ठेवा म्हणून मागणी केली, ऐकलं नाही तेव्हा पद सोडलं. मला हे वाचून फार बरं वाटलं, एक तरी माणूस बोलला.

आत्ताचा पुतळा 2008 चा, जुन्याची हुबेहूब प्रत, थोमासकिर्शेच्या समोरच. तिथून बाखच्या स्मारकापर्यंत अगदी थोडंसंच चालायचं, मी ट्रेनची वेळ होईपर्यंत तेवढंच जात येत राहिले.