मुस्तफा ‘डिनो’ नावाच्या फाइलीत का राहतो

माझ्या हार्ड डिस्कवर मारिओ या जुन्या व्हिडिओ गेमच्या अकरा फाइली होत्या. मारिओ, मारिओ२, मारिओ नवीन, मारिओ चालणारी, मारिओ फायनल, आणि एकीचं नाव तर नुसतंच ‘एम’. मारिओ२ म्हणजे दुसरा भाग नव्हे, पहिल्याचीच दुसरी कॉपी. मी सीएच्या ऑफिसात रिटर्न भरायचं काम करतो. ‘बॅलन्स शीट फायनल फायनल ३’ असं नाव ठेवणाऱ्या पोरांवर दिवसभर खेकसतो. आणि घरी माझाच हा असा संसार.

मे महिन्यात नागपुरात दुपारी कोणी बाहेर पडत नाही. पारा ४५ च्या वर, कूलरसमोरची जागा पकडायची आणि संध्याकाळ व्हायची वाट पाहायची. अशा लागोपाठ चार रविवारी मी या गेमच्या फाइली नीट लावायचं काम काढलं. ऑफिसने निकाली काढलेला एक छोटा पीसी मी घरी आणलाय, तो हॉलमधल्या टीव्हीला जोडलाय आणि त्यावर इम्युलेशनस्टेशन डीई टाकलंय. हा फ्रंटएंड. तो स्वतः गेम चालवत नाही, चालवणारे इम्युलेटर, म्हणजे जुन्या गेम मशीनची नक्कल करणारे प्रोग्राम, वेगळे. हा फक्त काउंटरवरचा माणूस: कोणत्या मशीनचे कोणते गेम आहेत ते चित्रांसकट दाखवतो आणि बटण दाबलं की आत हाक मारतो. पण काउंटरवरच्या माणसाला माल कुठे ठेवलाय ते त्याच्याच पद्धतीने सांगावं लागतं. मी हौसेने ‘प्लेस्टेशन १’ नावाचं फोल्डर केलं, ते त्याला दिसेचना. त्याला ते ‘पीएसएक्स’ असंच हवं. निंटेंडोचं ‘एनईएस’, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचं ‘जीबीए’. इथे आपलं शहाणपण चालत नाही.

पहिल्या रविवारी मी एकेका फाइलीचं नाव हाताने बदलत बसलो. आई दोनदा पाणी देऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, “तुझ्या लग्नाच्या फोटोंना अजून ‘आयएमजी’ न्‌ पुढे नंबर आहेत, आणि या खेळांची बारशी करून राहिला का रे तू?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

संध्याकाळपर्यंत चाळीसेक फाइली झाल्या आणि लक्षात आलं की आपण पाटी बदलतोय, आत कोण राहतं ते पाहतच नाही. ‘मारिओ फायनल’मध्ये नेमकं काय आहे हे नावावरून कसं कळणार? त्यासाठी फाइलीचा अंगठा घ्यावा लागतो. फाइलीतल्या सगळ्या बाइट्सवरून गणित करून एक आकडा काढतात. सीआरसी३२ असेल तर आठ अक्षरी, एसएचए-१ असेल तर चाळीस अक्षरी. एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी आकडा बदलतो. कॅसेटवाल्या मशीनांसाठी नो-इंट्रो आणि डिस्कवाल्यांसाठी रीडंप, या दोन हौशी मंडळींच्या चमूंनी हजारो खऱ्या प्रती तपासून अशा अंगठ्यांच्या याद्या केल्यात. त्या याद्यांना डॅट फाइल म्हणतात. रोमव्हॉल्ट नावाच्या प्रोग्रामला डॅट द्यायची, आपला ढिगारा दाखवायचा. तो प्रत्येकाचा अंगठा जुळवून नाव बदलतो आणि जागच्या जागी ठेवतो. आधीचं नाव ‘एम’ असो की ‘फायनल’, तो त्याकडे बघतही नाही.

नावं मात्र सरकारी थाटाची. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हे ‘लेजंड ऑफ झेल्डा, द’ होतं, शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी यायचं तसं. मध्ये कोलन असेल तर त्याजागी छोटी रेघ, कारण विंडोजला फाइलीच्या नावात कोलन चालत नाही. शेवटी कंसात देश किंवा प्रदेश: यूएसए, युरोप, जपान. सुधारलेली आवृत्ती असेल तर ‘रेव्ह १’.

जुन्या काळी खुणा वेगळ्या होत्या, आणि त्यांनी मला गंडवलं होतं. कॉलेजात एका मित्राने दिलेल्या सीडीवर फाइलींच्या नावांपुढे चौकटी कंसात काहीबाही असायचं, कुठे उद्गारचिन्ह, कुठे ‘बी’. मला वाटलं, उद्गारचिन्ह म्हणजे धोका. रस्त्यावरच्या पाटीवर असतं तसं. त्या सगळ्या मी उडवल्या आणि ‘बी’वाल्या जपून ठेवल्या. उद्गारचिन्ह म्हणजे तपासून खात्री केलेली प्रत आणि ‘बी’ म्हणजे बिघडलेली, हे मला कित्येक वर्षांनी कळलं. तोवर माझा एक गेम तिसऱ्या लेव्हलला अडकायचा आणि मी इम्युलेटरला शिव्या द्यायचो. ती सीडी आता बाद. आता फक्त घरात जे कॅसेट-डिस्क आहेत त्यांच्याच प्रती ठेवतो.

अकरा मारिओंपैकी सात एकमेकांच्या तंतोतंत जुळ्या निघाल्या, त्यामुळे एकच उरली. बाकीच्या चार कोणाशीच जुळेनात. ढिगाऱ्यातल्या आणखी पंधराएक फाइलींचंही तेच. विचार केला तर साहजिक होतं. या कॅसेटी लहानपणी नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून, मोदी नंबर तीनच्या गल्लीतून घेतलेल्या. पिवळ्या-लाल, साठ पिनांच्या, निंटेंडोच्या फॅमिकॉमसारख्या हुबेहूब चालणाऱ्या नकली मशीनसाठीच्या. बनवणाऱ्यांनी पहिल्या पडद्यावरून मूळ कंपनीचं नाव खोडलेलं, कुठे आकडा बदललेला. अंगठा जुळणार कसा? पुण्याच्या एका मित्राचं डंपर, म्हणजे कॅसेटमधला गेम फाइलीत उतरवणारं यंत्र, महिनाभर मागून आणून मी त्यांच्या फाइली केल्या होत्या.

माझा मेहुणा वकील आहे. त्याला सहज विचारलं, असं बॅकअप करणं कायद्यात बसतं का. तो म्हणाला, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे त्याला ती हरवू नये, खराब होऊ नये म्हणून बॅकअप ठेवता येतो. मी खूश होऊन त्याच्यापुढे कॅसेटींचा डबा ठेवला. त्याने एक उचलली, उलटीपालटी केली, ‘९९९९ इन १’ वाचलं आणि परत ठेवली. “यांच्याबद्दल मले काही विचारू नको.”

त्या फाइली मी ‘बर्डी’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवल्यात. रोमव्हॉल्टला तिकडे जायची मनाई.

डिस्कांनी वेगळाच घोळ घातला. आत्तेभावाने शारजाहून आणलेल्या प्लेस्टेशनच्या काही अस्सल डिस्का माझ्याकडे आहेत, खालून काळ्या असतात त्या. त्यातली रिज रेसर ही माझी आवडती. तो गेम एकदा चालू झाला की डिस्क काढून गाण्यांची कोणतीही सीडी टाकता यायची आणि गाडी पळवताना तीच गाणी वाजायची. आम्ही लावण्यांची सीडी टाकून पळवलीय. तर, या डिस्केवर गेमचा एक ट्रॅक आणि मागे गाण्यांचे ट्रॅक असतात. बॅकअप केला की प्रत्येकाची एक बिन फाइल होते आणि सोबत क्यू नावाची छोटी फाइल येते, त्यात कोणता ट्रॅक कोणत्या फाइलीत आहे हे लिहिलेलं असतं. मी बिन फाइलींची नावं मोठ्या प्रेमाने एकदम बदलली. क्यू फाइल बिचारी जुन्याच नावांनी हाका मारत राहिली, गेम उघडेना. नोटपॅडमध्ये क्यू उघडून आतली नावं बदलली तेव्हा जमलं. पुढे मग सगळ्याच डिस्का सीएचडी करून टाकल्या. मेम या आर्केड मशीनांच्या इम्युलेटरसोबत येणारा सीएचडीमॅन हा प्रोग्राम क्यू आणि सगळ्या बिन एकाच फाइलीत दाबून बसवतो. जागाही वाचते आणि नाव बदललं तरी आत काही तुटत नाही. फायनल फँटसी ७ च्या तीन डिस्का यादीत तीन गेम म्हणून दिसत होत्या, त्यांच्यासाठी एम३यू केली: साध्या मजकुराची फाइल, एका ओळीवर एका डिस्केचं नाव. मग तिन्ही डिस्का आणि ती फाइल एका फोल्डरात टाकून फोल्डरच्याच नावाला शेवटी ‘.एम३यू’ लावायचं. फ्रंटएंड ते फोल्डर एकच गेम म्हणून दाखवतो.

आता खरा घोटाळा. माझ्या धाकट्या भावाची पोकेमॉन एमराल्ड. हिरव्या पारदर्शक प्लास्टिकची कॅसेट, मामाने सिंगापूरहून आणलेली. आतली बॅटरी कधीच संपलीय. लावली की बॅटरी आटल्याचा निरोप येतो, खेळ चालतो, पण घड्याळावर अवलंबून असलेलं काही होत नाही, खेळात लावलेली फळझाडं, ‘बेऱ्या’, वाढत नाहीत. बरं हे की त्याची सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला याची नोंद, फ्लॅश चिपवर असते, बॅटरीवर नाही. त्याआधीच्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये बॅटरी गेली की सेव्हही गेली. तर त्या कॅसेटमधून गेम आणि सेव्ह दोन्ही मी मागच्या वर्षीच काढून ठेवलं होतं. नाव? ‘१’. एक डॉट जीबीए, एक डॉट एसएव्ही.

भाऊ पुण्याला असतो, चार दिवसांसाठी आला होता. तिसऱ्या रविवारी रात्री जेवण झाल्यावर म्हणाला, “दादा, माझा पोकेमॉन लाव ना.” लावला. त्याने बटण दाबलं. पडद्यावर ‘न्यू गेम’ आणि ‘ऑप्शन’. ‘कंटिन्यू’ नाही.

तो काही बोलला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. सहावी ते नववी त्याने जे काय केलं ते त्या फाइलीत होतं. आठ बॅज, दोनशेच्या वर तास.

झालं असं होतं की रोमव्हॉल्टने ‘१’चं नाव बदलून ‘पोकेमॉन - एमराल्ड व्हर्जन (यूएसए, युरोप)’ केलं. बरोबरच केलं. पण इम्युलेटर सेव्ह शोधतो ती गेमच्या नावावरून, तेच नाव आणि शेवटी वेगळी शेपटी. सेव्ह अजून ‘१’ नावानेच बसली होती. तीही जागेवर नव्हती. मी ती गेमशेजारीच ठेवली होती, डॅटमध्ये तिचं नाव नाही, म्हणून रोमव्हॉल्टने अनोळखी म्हणून तिला ‘टूसॉर्ट’ नावाच्या फोल्डरात नेऊन टाकलेलं. आणि आता आम्ही गेम चालू केल्यामुळे बरोबर नावाची एक नवी कोरी सेव्ह तयार झाली होती. म्हणजे घाईघाईत उलटी कॉपी केली असती तर कोऱ्याने भरलेल्याला पुसलं असतं. मी भावाला म्हटलं, “कशालाच हात नको लावू.” खऱ्या फाइलीचं माप १३१०७२ बाइट, म्हणजे बरोबर १२८ केबी, आणि तारीख मागच्या वर्षीची. आधी तिची एक प्रत पेनड्राइव्हवर. मग कोरी बाजूला केली, जुनीला गेमचं पूर्ण नाव दिलं, मी गेम चालवतो त्या रेट्रोआर्क या प्रोग्रामला एसआरएम शेपटी लागते म्हणून तीही बदलली. ‘कंटिन्यू’ आलं. त्याचं लहानपणीचं टोपणनाव आलं.

त्यानंतर सेव्हचं फोल्डर वेगळ्या जागी हलवलं, आणि नाव बदलायचं असेल तर गेम आणि सेव्ह एका बैठकीत बदलतो. यात मध्येच लाइन जाऊ नये म्हणून ऑफिसच्या भंगारातून यूपीएसही आणला. दुसऱ्या रविवारी निम्म्या फाइली हलवल्यावर लाइन गेली होती, कोणत्या गेल्या न्‌ कोणत्या राहिल्या हे शोधायला तासभर गेला. मूळ ढिगारा दुसऱ्या डिस्केवर तसाच ठेवला होता म्हणून वाचलो.

आणि आता मुस्तफा. नागपूरच्या महाल भागात आमच्या घरामागच्या गल्लीत व्हिडिओ गेमचं एक पार्लर होतं, तीन मशीन, एका मशीनसमोर कायम रांग. गेमचं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमचा, १९९३ चा. हे नाव त्या गल्लीत कोणालाही माहीत नव्हतं. जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस असे चार गडी, पण गेमचं नाव मुस्तफा. संपलं. मी त्याची फाइल ‘मुस्तफा’ केली आणि गेम मेला. मेमला आर्केडच्या फाइलींची आखूड नावं ठरलेली लागतात, त्यावरूनच तो त्या ओळखतो. या गेमचं नाव ‘डिनो’. झिपच्या आत मशीनमधल्या एकेका चिपची वेगळी फाइल असते, त्यांचीही नावं ठरलेली. बदलायची सोयच नाही.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. फ्रंटएंडमध्ये पडद्यावर दिसणारं नाव फाइलीचं नसतं, ते ‘गेमलिस्ट’ नावाच्या वेगळ्या फाइलीत असतं. गेमवर जाऊन माहितीच्या पानात हवं ते लिहा, फाइलीला धक्काही लागत नाही. चित्रंही फाइलीच्या नावाशी बांधलेली असतात, तीही तशीच राहतात. हजेरीपटावर काही का असेना, घरात बंड्याला बंड्याच म्हणतात!

चौथा रविवार त्यातच गेला, आणि चारही रविवारांत मजा आली ती याच रविवारी. भावाला फोन स्पीकरवर लावला आणि आम्ही नावं आठवत गेलो. बॅटल सिटी, नामकोचा १९८५ चा, म्हणजे टँकवाला. बलून फाइट, फुगेवाला. आइस क्लाइंबर, हातोडीवाला. सर्कस चार्लीची फक्त सर्कस. एका गेमला आम्ही ‘काकूचा’ म्हणायचो, कारण शेजारच्या काकू तेवढाच एक खेळायच्या. तो कोणता हे दोघांनाही आठवेना, तीन चालू करून पाहिले तेव्हा लोड रनर निघाला. देवनागरीत लिहायचा प्रयत्न केला होता, पण मी निवडलेल्या थीमच्या फॉन्टमध्ये आपली अक्षरं नव्हती, नुसते चौकोन आले. म्हणून रोमन अक्षरांत टँकवाला लिहिलंय.

शेवटी तो म्हणाला, “बदक कुठंय?” डक हंटची फाइल जुळलेली, नाव बसलेलं, चित्र आलेलं. पण पडद्यावरची बदकं टिपायची ती खेळातली बंदूक या सपाट टीव्हीवर चालत नाही, तिला जुन्या डब्बा टीव्हीचाच पडदा लागतो. माउसने बदकं मारता येतात. मी सांगितलं तर तो म्हणाला, “माउसने काय बदक मारतो बे दादा!” डब्बा टीव्ही माळ्यावर आहे, जुनं मशीनही आहे, दोघांनी धरल्याशिवाय तो खाली उतरत नाही. दिवाळीला येतोय तो.