व्हाइट स्पायडर: सीटपोस्ट निघाला, रंग मूळचाच राहणार

व्हाइट स्पायडर ही जुनी ब्रिटिश स्टीलची माउंटन बाइक दुरुस्तीला घेतली आहे. सध्याची स्थिती: अडकलेला सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) निघाला, बीबीचे (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस फिरतो तो भाग) दोन्ही बेअरिंग कप निघाले, दोऱ्याच्या मापात फ्रेम सरळ भरली. रंगाला हात लावायचा नाही हे ठरलं. चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) मूळचाच आहे, आणि या गाडीच्या किमतीचा मोठा वाटा त्यातच आहे. त्याचं कारण पुढे येईल.

फ्रेम क्रॉयडनच्या चॅस रॉबर्ट्सची. तिथे गिऱ्हाइकाचं माप घेऊन फ्रेम बांधली जायची. त्यामुळे नळ्या, कोन, बाटलीचे बॉस (स्टँड बसवायचे आटे), रॅकची भोकं सगळं ऑर्डरप्रमाणे. दोन व्हाइट स्पायडर शेजारी ठेवल्या तरी त्या जुळतील याची खात्री नाही. म्हणून ‘कॅटलॉगमध्ये अशी नाही, म्हणजे नकली’ हा तर्क इथे चालत नाही. ‘स्टिकर आहे, म्हणजे अस्सल’ हा तर मुळीच नाही. नळ्या बनवणाऱ्या रेनॉल्ड्सपासून छोट्या बांधणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे नव्याने छापलेले स्टिकर आज विकत मिळतात.

साल काढणं

बीबी शेलखालचा (बीबी बसतो त्या नळीखालचा) फ्रेम नंबर आधी ब्रश आणि रॉकेलने साफ केला. वायर ब्रश अजिबात नको, त्याने नंबराच्या कडांचा रंग जातो आणि मग तो नंतर ठोकल्यासारखा दिसतो. साल मात्र सुट्या भागांवरून जास्त नेमकं कळतं. शिमानोच्या त्या काळातल्या भागांवर मागच्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं वर्षाचं: ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, असं पुढे एल १९८७, पी १९९१. दुसरं महिन्याचं: ए जानेवारी, एल डिसेंबर. इथे शिमानोच्या डीओरे एक्सटी मालिकेच्या मागच्या डिरेलरवर (गिअर बदलणारा भाग) पी-सी आहे, म्हणजे मार्च १९९१. क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) आतल्या बाजूला पी-बी, हबवर पी-ए. तीन महिन्यांच्या आत सगळं बसतंय, म्हणजे हे भाग एकत्र आले असणार. एखादा ब्रेक १९९५चा निघाला असता तर तो बदललेला, इतकंच. कोड भागाचा जन्म सांगतो, फ्रेमचा नाही. फ्रेम त्याच सुमाराची, फार तर थोडी मागेपुढे, एवढंच म्हणता येतं.

स्टिकर खोटा असेल तर तारखाच त्याला पकडतात. रेनॉल्ड्सच्या ८५३ या प्रकारच्या नळ्या बाजारात आल्या १९९५ साली. १९९१च्या फ्रेमवर ८५३ लिहिलेलं असेल तर विक्रेत्याला नमस्कार करून निघावं. ७५३ असेल तर जोड बघा. ही नळी पातळ, उष्णतेने तिची ताकद जाते, म्हणून ती कमी तापमानाच्या चांदीच्या डागानेच जोडावी लागे, आणि रेनॉल्ड्सची परीक्षा पास झालेल्या बांधणाऱ्यालाच ती नळी मिळे. सांध्यावर पितळेचा जाड गोलसर भराव आणि वर ७५३चा स्टिकर, असं दिसलं तर शंका घ्यायलाच हवी.

(रेनॉल्ड्सच्याच जुन्या ५३१ नळीच्या स्टिकरवरचं ‘टीआय’ आपल्याकडच्या लोकांना ओळखीचं वाटेल. ते ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या ब्रिटिश उद्योगसमूहाचं. त्याच समूहाच्या भागीदारीतून १९४९ साली मद्रासला टीआय सायकल्स सुरू झाली आणि हर्क्युलिस तिथे बनू लागली.)

सीटपोस्ट

सगळ्यात जास्त वेळ यात गेला, आणि जुनी स्टीलची गाडी घेणाऱ्याला हे काम बहुधा चुकत नाही. ॲल्युमिनियमचा पोस्ट, स्टीलची नळी, मध्ये ब्रिटिश हिवाळ्यातल्या रस्त्यावरचं मीठमिश्रित पाणी. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो आणि पोस्ट नळीत पाचर मारल्यासारखा बसतो.

वरून तेल ओतून फारसं होत नाही, कारण वरची फट ऑक्साइडने भरलेली असते. आधी बीबी काढला, फ्रेम उलटी टांगली आणि शेलच्या बाजूने सीट ट्यूबमध्ये (पोस्ट बसतो ती नळी) पेनेट्रेटिंग ऑइल सोडलं. पोस्टच्या खालच्या टोकाकडून तेल सांध्यात मुरतं. काही दिवस तसंच ठेवलं. मग पोस्टचं डोकं बाकाच्या व्हाइसमध्ये घट्ट पकडलं आणि फ्रेमच लांब दांड्यासारखी धरून फिरवली. फ्रेमची नळी व्हाइसमध्ये कधीही धरू नये, ०.६ मिमीचा पत्रा लगेच चेपतो. फिरवताना हाताला स्प्रिंग लागल्यासारखं वाटलं तर थांबायचं. ती नळी पिळली जात असते, पोस्ट हललेला नसतो.

तापवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे तापवल्याने पोस्ट आणखी घट्ट होतो. उपयोग गार करण्याचा. पोस्टच्या आतून फ्रीझर स्प्रे मारून लगेच फिरवलं आणि करकर आवाज करत पोस्ट सुटला. ११० मिमी आत होता. माप २७.२. बाहेरून सीट ट्यूब २८.६, म्हणजे वरच्या टोकाला भिंत ०.७च्या आसपास. साध्या जाड नळीत एवढा मोठा पोस्ट बसत नाही, त्यामुळे ही नळी चांगल्या प्रतीची आहे हे स्टिकरशिवायही कळलं.

हेही जमलं नसतं तर हॅक्सॉ ब्लेडने पोस्टला आतून उभे दोन चर पाडून तो आत मुडपायचा. त्यापुढे कॉस्टिक सोडा. तो ॲल्युमिनियम विरघळवतो, स्टीलला काही करत नाही, पण रंग पूर्ण खातो, हायड्रोजन सोडतो आणि डोळे-हात जाळतो. ज्या फ्रेमचा रंग हीच किंमत आहे तिथे तो वापरला तर पोस्ट निघतो आणि पैसे जातात.

बीबी

शेल ६८ मिमी, इंग्लिश आटे, १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४. उजव्या कपाचे आटे उलटे, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे विसरून आणखी आवळलेले कप बरेच सापडतात. कपाच्या कडेचे सपाट भाग पातळ, पाना निसटतो. उपाय असा: १६ मिमीचा बोल्ट बाहेरून कपात घालायचा, आतून मोठा वॉशर आणि नट लावून कप दोन वॉशरमध्ये आवळून धरायचा, मग बोल्टचं डोकं घड्याळाच्या दिशेने फिरवत राहायचं. आधी बोल्ट पूर्ण आवळला जातो, त्यानंतर कपच फिरायला लागतो. छर्रे फेकून द्यायचे, नवे घालायचे, पाव इंचाचे, एका बाजूला ११. एक्सलवर खड्डे पडलेत का हे नखाने चाचपायचं.

सरळपणा

मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती खाच) दोरा हेड ट्यूबला (फ्रेमची पुढची उभी नळी) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणला. दोऱ्यापासून सीट ट्यूबचं अंतर डावीकडे ३२ मिमी, उजवीकडे ३२.५. एक-दीड मिमीपर्यंत फरक चालतो. मागच्या ड्रॉपआउटमधली रुंदी १३५ मिमी, म्हणजे या काळाला योग्य. १९८०च्या दशकातल्या गाड्यांत बहुधा १३० असते, आणि कोणी जबरदस्तीने १३५चं हब कोंबलेलं असेल तर ड्रॉपआउट समांतर राहत नाहीत.

त्यानंतर सगळ्यात महत्त्वाची जागा: हेड ट्यूबच्या मागे, डाउन ट्यूबची (तिथून बीबीकडे उतरणारी नळी) खालची बाजू. समोरून धडक बसलेल्या गाडीला तिथे बारीक सुरकुती येते. डोळ्याला दिसत नाही, नख फिरवलं की लागते. इथे नाही. चेनस्टेला (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) एक पोचा आहे, दोनेक मिमी खोल, तो तसाच राहील. पोचा भरून रंगवला तर घेणाऱ्याला संशय येतो, उघडा ठेवला तर भाव थोडाच उतरतो.

किंमत

दुर्मीळ म्हणजे महाग असं समीकरण ब्रिटिश स्टीलमध्ये नीट बसत नाही. बकिंगहॅमशायरमधल्या वेंडोव्हरच्या जेफ ॲप्स यांनी १९८२ ते १९८४ क्लीलँड गाड्या काढल्या: उंच बीबी, ड्रम ब्रेक, फिनलंडचे नोकिया हाकापेलिट्टा टायर. हेच टायर त्यांनी कॅलिफोर्नियात गॅरी फिशर आणि चार्ली केली यांना पाठवले होते. इतिहास म्हणून पहिल्या प्रतीची गोष्ट. पण मागणारे मोजके, त्यामुळे भाव दोन माणसांच्या बोलण्यात ठरतो. फॅट चान्स, यती, रिची या अमेरिकन नावांना जगभर गिऱ्हाईक आहे. ब्रिस्टलच्या ओव्हरबरीज, न्यूकॅसलचे डेव्ह येट्स, क्रॉयडनचे रॉबर्ट्स यांना ते मुख्यतः ब्रिटनमध्येच. मडी फॉक्स कुरियर आठवणींवर विकली जाते, पण फ्रेम जपानी आहे आणि गाड्या भरपूर निघाल्या, म्हणून भाव मर्यादित. रॅलेच्या एम-ट्रॅक्ससारख्या चिकटवलेल्या सांध्यांच्या फ्रेम घेताना सांधा सुटला आहे का ते आधी बघा. तो घरी दुरुस्त होत नाही.

आता चिमटा. नव्वदच्या दशकात जो तो रॉकशॉक्सचा सस्पेन्शन फोर्क लावत सुटला आणि मूळ चिमटे गॅरेजमध्ये पडून हरवले. मूळ चिमटा फ्रेमसोबत बांधलेला, त्याच रंगात. इथे ॲक्सलपासून क्राउनपर्यंत (चिमट्याच्या वरच्या जोडापर्यंत) ३९५ मिमी. ८० मिमी ट्रॅव्हलचा सस्पेन्शन फोर्क साधारण ४५०चा. दर २० मिमीला हेड अँगल (हेड ट्यूबचा कल) अंदाजे एक अंश झोपतो, म्हणजे अडीच-तीन अंश गेले. गाडी वळणात ओढल्यासारखी वागते आणि हेड ट्यूबच्या सांध्यावर ताण वाढतो. तसा नवा चिमटा बांधून घेता येतो, पण तोच जुना रंग जुळवता येत नाही. चिमट्याविना फ्रेम विकत घेताना भाव निम्मा धरावा, हे आमचं मत.

रंगाचंही तसंच. चांगल्या रंगकामाला ब्रिटनमध्ये दोनशे पौंडांच्या वर सहज जातात आणि ते विकताना परत येत नाहीत. पावडर कोट तर नकोच, आधीच्या ब्लास्टिंगने नंबराच्या कडा बोथट होतात. पुन्हा रंगवलेली फ्रेम ओळखायची असेल तर बीबीच्या आट्यांत आणि सीट क्लॅम्पच्या फटीत रंगाचे थर बघा.

सुट्या भागांत एक्सटीचे अंगठ्याचे शिफ्टर आणि ११०/७४ बीसीडीची (दातेरी चकत्यांच्या बोल्टवर्तुळाचा व्यास, मिमीमध्ये) क्रँक चांगल्या स्थितीत असतील तर गाडी मोडून विकण्याचा मोह होतो. मिडलबर्न या ब्रिटिश कंपनीची क्रँक किंवा इंग्लंडमधल्याच बार्नोल्ड्सविकच्या होप कंपनीचे हब असतील तर आणखीच. ते भाग फ्रेमसोबत ठेवावेत. फ्रेम एकटी पडली की तिचं साल सिद्ध करणं अवघड होतं.

मापाचा मुद्दा लोक विसरतात. घेणारे बरेच जण गाडी चालवतात, म्हणून १७ ते १९ इंचाची फ्रेम लवकर जाते, २२ इंचाची सुंदर फ्रेमही महिनोनमहिने पडून राहते. ही १८.

पुढचं काम

गंजलेले स्टीलचे बोल्ट ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये, लिटरला २० ग्रॅम, रात्रभर. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचे. हातमोजे हवेत, हे विष आहे. नळ्यांच्या आत उकळलेलं जवसाचं तेल फिरवून दोन दिवस निथळत ठेवायचं, पुसलेल्या चिंध्या मोकळ्यावर वाळवायच्या, गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात. रंगावर आधी बीबीखाली एका नाण्याएवढ्या जागेत पॉलिश लावून बघणार. कापडावर रंग उतरला तर वरचं लॅकर गेलेलं आहे, मग फक्त मेण. स्टिकरवर पॉलिश फिरवणार नाही. मूळ हँडलबार जपून बाजूला ठेवला आहे. तीस वर्षांच्या ॲल्युमिनियमवर उड्या मारायच्या नसतात, चालवण्यासाठी नवा लागेल.