जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर चढवायच्या आधी व्होल्टेज बघा

घरात कुणाचा तरी फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश सापडतो, सेल टाकले की लाल दिवा लागतो, आणि लगेच तो डीएसएलआरवर सरकवून बघायचा मोह होतो. प्लीज, तेवढं करू नका. जुन्या कॅमेऱ्यात शटर उघडलं की धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि फ्लॅश उडायचा, त्यांना फ्लॅशच्या पायातून (कॅमेऱ्यावर सरकतो त्या भागातून) येणाऱ्या दोनशे-अडीचशे व्होल्टचं काही वाटायचं नाही, पण आता तेच काम नाजूक इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं आणि ते एका फटक्यात जाऊ शकतं.

निकॉन आपल्या मॅन्युअलमध्ये 250 व्होल्टच्या वर किंवा उलट पोलॅरिटीचं (प्लस-मायनस उलटं असलेलं) व्होल्टेज देऊ नका असं सांगतं, कॅनॉनच्या सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांना मात्र 6 व्होल्टचीच मर्यादा धरून चालतात. आणि नुसतं मॉडेल बघून काही कळत नाही हो! व्हिविटार 283 या जुन्या फ्लॅशचंच घ्या, सुरुवातीचे जपानी पीस 250 च्याही वर जातात, नंतरचे बरेचसे 10 च्या आत, वरून दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून मोजायचंच. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत सहज मिळेल. डीसी 600 किंवा 1000 ची रेंज लावा, फ्लॅशमध्ये नवे सेल टाका, रेडी लाइट लागल्यावर अजून थोडं थांबा, मग लाल प्रोब पायाच्या मधल्या पिनवर आणि काळा बाजूच्या धातूच्या पट्टीवर, बोटं लांब ठेवून. आकडा मायनसमध्ये आला तरी फ्लॅश लावू नका. आणि फ्लॅश उघडायचा तर अजिबात नाही, आतल्या कपॅसिटरमध्ये 300 च्या आसपास व्होल्ट असतात आणि सेल काढले तरी ते बराच वेळ तिथेच बसतात.

जास्त व्होल्टेज निघालं म्हणून फ्लॅश भंगारात टाकायची गरज नाही, वाइन (Wein) कंपनीचा सेफ-सिंक, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा अडॅप्टर, कॅमेरा आणि फ्लॅशच्या मध्ये लावता येतो, पण मला विचाराल तर ऑप्टिकल स्लेव्ह बेस्ट, कारण कॅमेऱ्याला वायरच लागत नाही, कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश उडाला की त्या उजेडाने हा उडतो. फक्त स्लेव्हवरही व्होल्टची लिमिट बघून घ्या, आणि कॅमेऱ्यातला फ्लॅश टीटीएलवर (उजेड आपोआप ठरवणाऱ्या मोडवर) न ठेवता मॅन्युअलवर ठेवा, नाहीतर फोटोच्या आधी उडणाऱ्या प्री-फ्लॅशलाच जुना फ्लॅश उडून जातो आणि फोटो काळा येतो.