इलिओस्टोमीनंतरची मळमळ

गेल्या वर्षी माझी गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि आतड्याचा आतला सांधा भरून येईपर्यंत लहान आतड्याचे वळण पोटावर काढून तिथे शौचासाठी पिशवी लावण्यात आली. यालाच इलिओस्टोमी म्हणतात आणि पोटावरच्या त्या तोंडाला स्टोमा. पहिले चार-पाच दिवस मळमळ होतीच, पण ती अपेक्षित होती. शस्त्रक्रियेनंतर आतडी काही दिवस सुस्त राहतात आणि काही वेदनाशामक औषधांनीही उमासे येतात. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात सुरू झालेली मळमळ मात्र वेगळी होती, आणि तिचे कारण मला आधी ठाऊक असते तर पुढचा त्रास टळला असता, म्हणून हे लिहीत आहे.

सकाळी जाग येताच तोंडाला पाणी सुटे, चहाचा वासही नकोसा होई, उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येत. पिशवी दिवसातून बारा-तेरा वेळा रिकामी करावी लागे आणि तिच्यात जवळजवळ पाणीच असे. अंगातले पाणी कमी होत आहे हे आम्हाला कळत होते. म्हणून मी दिवसाला चार लिटर साधे पाणी पीत होते आणि भेटायला येणारी माणसे प्रेमाने शहाळी आणत होती. जितके पीत होते, तितकी पिशवी अधिक भरत होती.

अखेर स्टोमा क्लिनिकमधल्या सिस्टरांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, पिशवीतले मोजता का?" मी मोजत नव्हते. स्वयंपाकघरातला खुणांचा प्लॅस्टिकचा जग बाथरूममध्ये नेला आणि चोवीस तासांचा हिशेब वहीत लिहिला, तो २,१०० मिलिलिटर भरला. रक्तातले सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, १३५ च्या वर असायला हवे, ते माझे १२७ होते. दोन दिवस दवाखान्यात सलाइन घ्यावे लागले.

मोठे आतडे रोज लिटर-दीड लिटर पाणी आणि त्याबरोबर मीठ शोषून घेते. ते वाटेतून वगळले गेले की दोन्ही पिशवीत जातात. त्यात साधे पाणी भरपूर प्यायले की शरीरातलेच मीठ आतड्यात ओढले जाऊन बाहेर पडते. शहाळ्यात पोटॅशियम पुष्कळ असते, सोडियम थोडे. डॉक्टरांनी माझे साधे पाणी मर्यादित केले आणि ओआरएस घोटाघोटाने प्यायला सांगितले. पाकीट पाण्याच्या किती मापासाठी आहे, हे त्यावर वाचूनच विरघळवावे, २०.५ ग्रॅमचे पाकीट एक लिटरसाठी असते आणि लहान पाकिटे २०० मिलिलिटरसाठी असतात. मीठ घातलेली पेज, मऊ भात, केळे आणि साबुदाणा यांनी शौच घट्ट झाले. त्याच्या जोडीला डॉक्टरांनी लोपेरामाइड हे आतड्याची हालचाल मंदावणारे औषध दिले होते, जे स्वतःच्या मनाने घेऊ नये. पाचव्या दिवशी सकाळी मळमळ नव्हती आणि मी चहा मागून घेतला.

एक मळमळ मात्र घरी थोपवून धरण्यासारखी नसते. पिशवीत काही तास काहीच आले नाही, पोटात कळा येत असतील आणि उलट्या होत असतील, तर आतड्यात अडथळा असू शकतो. अशा वेळी पोट साफ करणारे रेचक न घेता थेट दवाखाना गाठावा. असा अडथळा होऊ नये म्हणून ओले खोबरे, मक्याचे दाणे, संत्र्याच्या फोडीवरची साल हे पदार्थ मी सुरुवातीचे दोन महिने पूर्ण बंद ठेवले होते. स्टोमाभोवतीच्या त्वचेची आग हा आणखी एक त्रास. माझ्या बाबतीत त्याचे कारण एवढेच निघाले की सूज उतरून स्टोमा आकसला होता आणि मी पिशवीच्या त्वचेला चिकटणाऱ्या चकतीचे भोक जुन्याच मापाने कापत होते.