रंकाळ्यात बुडालेला मोबाइल आणि त्यानंतरचे दोन दिवस

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही साताऱ्याहून कोल्हापूरला साडूंकडे गेलो होतो. सकाळी अंबाबाईचे दर्शन झाले, दुपारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे जेवण झाले आणि ऊन उतरल्यावर मुलांच्या हट्टाखातर आम्ही रंकाळा तलावावर नौकाविहाराला गेलो. संध्याकाळी शालिनी पॅलेसच्या बाजूने येणारा तिरपा प्रकाश पाण्यावर पसरतो तेव्हा रंकाळा फारच देखणा दिसतो, हे मान्य करूनही एवढे नोंदवले पाहिजे की त्याच वेळी पाण्यावरची चकाकी डोळ्यांवर येते आणि हातातून काय निसटले ते दिसत नाही.

माझा मोबाइल सदऱ्याच्या वरच्या खिशात होता. त्याच्या पाकिटासारख्या कव्हरमध्ये डेबिट कार्ड आणि वाहन चालवण्याचा परवानाही खोचलेला होता. सगळे एकाच जागी असले की सोय होते, असा माझा समज होता. तळ्याच्या मध्यावर आल्यावर मुलीच्या लाइफ जॅकेटचा पट्टा सैल झालेला दिसला, तो आवळण्यासाठी मी वाकलो आणि मोबाइल होडीच्या काठावर आपटून पाण्यात गेला. आवाजसुद्धा ‘डुबुक’ एवढाच झाला. मी उठून काठावरून हात घातला तेव्हा होडी एका बाजूला इतकी कलली की साडूंनी माझी कॉलर धरून मला खाली बसवले. इथे मी चुकलो. लहान होडीत बसलेला माणूस एका काठाला धावला तर मोबाइलपाठोपाठ माणसेही पाण्यात जातात.

सौभाग्यवतींनी लगेच माझ्या नंबरवर फोन लावला, परंतु रिंग गेलीच नाही. मोबाइलच्या लहरी पाण्यात फार खोल पोचत नाहीत, त्यामुळे हरवलेला फोन नकाशावर शोधण्याची सुविधाही पाण्याखाली निरुपयोगी ठरते; ती फक्त शेवटचे ठिकाण दाखवते. होडीवाल्याने वल्ही थांबवली आणि शांतपणे सांगितले, “पायरीवर पडलं असतं तर पोरांनी बुडी मारून दिलं असतं काढून. हितं न्हाई मिळायचं.” त्याच्या म्हणण्यानुसार बहुतेक वस्तू होडीत चढता-उतरताना, एक पाय होडीत आणि एक पायरीवर असताना पडतात, आणि तेथे पाणी उथळ असल्याने त्यातल्या पुष्कळशा सापडतातही. मध्यावर मात्र खाली गाळ. पूर्वी या जागी दगडाची खाण होती असे सांगतात, ते खरे धरले तर गाळाखालचा तळ सपाट असण्याचीही शक्यता कमीच.

तरीही त्याने एक गोष्ट शिकवली, ती येथे सविस्तर देतो. वस्तू पडताच होडी वाऱ्याने सरकण्याच्या आत किनाऱ्यावरच्या, एकापुढे एक दिसणाऱ्या दोन खुणा पाहून ठेवाव्यात, आणि मग साधारण काटकोनात दुसऱ्या बाजूला तशीच आणखी एक जोडी शोधावी. या दोन रेषा जेथे छेदतात तेथे वस्तू पडलेली असते. सोबतच्या फोनवर ठिकाण नोंदवले तरी त्यात काही मीटरचा फरक राहतो. या रेषा त्याहून नेमक्या असतात. आमची एक रेषा शालिनी पॅलेसचा मनोरा आणि त्याच्या पुढचे एक माडाचे झाड, तर दुसरी संध्यामठाचा कोपरा आणि त्यामागची एक उंच इमारत.

खरा त्रास काठावर आल्यानंतर सुरू झाला. कार्ड बँकेच्या हेल्पलाइनवरून लगेच बंद करता आले आणि यूपीआयही थांबवता आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच क्रमांकाचे नवे सिम मिळाले, परंतु सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवले जातात, ही सुरक्षेची तरतूद मला ठाऊक नव्हती. परवान्याची प्रत डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये आहे म्हणून मी निश्चिंत होतो. पण नव्या फोनवर त्यात शिरण्यासाठी ओटीपी लागतो आणि तो येणार त्याच बंद असलेल्या एसएमएसवर! अखेर साताऱ्यापर्यंत गाडी सौभाग्यवतींनी चालवली. परवान्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी पोलिसांकडे हरवल्याची नोंद केली. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हरवलेला फोन ब्लॉक करण्यासाठीही ती नोंद आणि फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक लागतो. हा क्रमांक *#०६# लावून आधीच कागदावर लिहून ठेवावा. फोन बुडाल्यावर तो फोनमध्ये पाहता येत नाही, हे सांगण्याची वेळ माझ्यावर यावी याचे मलाच हसू येते.

म्हणून नौकाविहाराला जाणाऱ्यांनी मोबाइल, कार्ड आणि परवाना एकत्र ठेवू नयेत आणि परवान्याची प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनमध्येही असू द्यावी. गाडीची किल्ली काठावर थांबणाऱ्याकडे द्यावी. ती न्यावीच लागली तर फिरकीच्या झाकणाच्या रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवावी, कारण आत हवा असल्याने बरणी तरंगते. बाजारातली पारदर्शक पाऊच वापरायची असेल तर आधी घरच्या बादलीत फोनच्या वजनाची दुसरी वस्तू घालून ती तरंगते का ते पाहावे. चष्म्याला मागून दोरी बांधावी. अंगठ्या घरीच काढून ठेवणे उत्तम, कारण गार पाण्यात बोटे आकसतात आणि एरवी घट्ट बसणारी अंगठी सहज निसटते. लोहचुंबक सोडून वस्तू काढण्याचा उपाय कोणी सुचवला तर सोन्यासाठी तो व्यर्थ आहे. किल्लीची कडी पोलादाची असेल तर मात्र ती चिकटू शकते.

साडूंनी त्या दोन रेषा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, मे महिन्याच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. पाणी ओसरल्यावर विहिरीतल्या बादल्या काढायचा गळ घेऊन जाऊ, असा त्यांचा आग्रह आहे.